वैयक्तिक प्रश्न विचारू नयेत

कुतूहल मंडळाच्या व्याख्यानमालेत वक्त्याचं भाषण संपलं, टाळ्या झाल्या, की दीनानाथ खासनीस माईकपाशी यायचे आणि पाच वाक्यं बोलायचे. "श्रोत्यांनी आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत. चिठ्ठीवर नाव आणि पेठ लिहावी. एका चिठ्ठीवर एकच प्रश्न असावा. प्रश्न हा प्रश्नच असावा, भाषण नसावं. वैयक्तिक प्रश्न विचारू नयेत." बावीस वर्षं हीच पाच वाक्यं, ह्याच क्रमानं. कोथरूडहून येणारी मंडळी पेठेच्या जागी 'कोथरूड' लिहीत आणि मंडळ मोठ्या मनानं ते चालवून घेई. पाचवं वाक्य मात्र कुणाच्याच बाबतीत चालवून घेतलं जात नसे. ते म्हणून झालं की खासनीस सर चष्म्यावरून सभागृहाकडे एकदा पाहत, आणि दोनचार माणसं बाहेर काढलेलं पेन मुकाट्यानं पुन्हा खिशाला लावत.

नियमामागे इतिहास होता. बावीस वर्षांपूर्वी पोटाच्या विकारांवरच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी उभं राहून स्वतःच्या अपचनाची हकीकत एकोणीसशे एकाहत्तरपासून सांगायला सुरुवात केली होती. ते आणीबाणीपर्यंत आले तेव्हा वक्त्यांची मुंबईची गाडी चुकली होती. त्यानंतर मंडळानं चिठ्ठ्यांची पद्धत आणली आणि त्या निवडायचं काम सरांकडे दिलं. सरांनी एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं आणि त्यांना कुणाची दया येत नाही असा लौकिक होता. लौकिक अर्धाच खरा होता. सरांचं म्हणणं इतकंच असे, की एका माणसाचं पोट हा पुरावा होत नाही.

काम असं चाले. स्वयंसेवक चिठ्ठ्या ताटात गोळा करून विंगेत आणून देत. रंगमंचावर अध्यक्ष दहा मिनिटं समारोप करत, तेवढ्या वेळात सर लाल पेन्सिल घेऊन चिठ्ठ्या चाळत. पाच निवडत. उरलेल्यांच्या कोपऱ्यात एकेक अक्षर घालत. 'ना.' म्हणजे नाव नाही. 'भा.' म्हणजे भाषण. 'वै.' म्हणजे वैयक्तिक. मग निवडलेल्या, न निवडलेल्या, सगळ्याच चिठ्ठ्या तारीख घातलेल्या पाकिटात जात आणि पाकिटं शनिवार पेठेत, सरांच्या घरी, पलंगाखालच्या ट्रंकेत. संख्याशास्त्राचा माणूस कागद फेकत नाही. त्याचा उपयोग करतो असंही नाही, पण फेकत नाही.

यंदा मंडळाचं पन्नासावं वर्ष होतं. कार्यवाह सलिल दामले हे बाणेरच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि बेचाळिसाव्या वर्षी मंडळातले सर्वांत तरुण सभासद होते. ते म्हणाले, "सर, स्मरणिकेत तुमचा लेख हवाच. बावीस वर्षांतले प्रश्न, त्यांचं अ‍ॅनालिसिस. लोकांना डेटा आवडतो." म्हणून डिसेंबरात सरांनी ट्रंक ओढली, जेवणाच्या टेबलावर पाकिटं मांडली आणि मोजायला बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेल्या जानेवारीतलं एक पाकीट उघडलं. त्या दिवशीचा विषय होता 'हृदय: यंत्र आणि मंत्र'. वक्ते हृदयरोगतज्ज्ञ होते. मंत्राचा भाग मंडळानं जोडला होता.

मंडळ वाटतं त्या चिठ्ठ्या शाळेच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांच्या असतात, पांढऱ्या. त्या गठ्ठ्यात एक गुलाबी होती. पातळ, कार्बनखाली घालतात तसल्या कागदाची. वरच्या कडेला, फाडताना वाचलेली, अर्धी छापील ओळ होती: '...क साउंड सर्व्हिस'. खाली निळ्या पेनानं, गोल गोल अक्षरात लिहिलं होतं:

'जिना चढताना किंवा स्पीकर उचलताना जबडा दुखतो. डावा हात जड होतो. बसलो की थांबतं. दोन महिने झाले. वय ५७. हे दाताचं असतं का दुसरं काही? कोणाकडे दाखवावं?'

नाव नव्हतं. कोपऱ्यात लाल पेन्सिलीत सरांचं सुवाच्य अक्षर होतं: 'वै.'

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षर तिथंच राहिलं.

रज्जाकभाई हे मंडळाचे माईकवाले. एकोणीस वर्षं ते रंगमंचाच्या डाव्या अंगाला, आपल्या मशीनमागे बसून प्रत्येक व्याख्यान ऐकत आले होते. कृष्णविवरं, आतड्यांतले जीवाणू, भूकंप, मोबाइलचं व्यसन, मधमाश्यांची भाषा. पुण्यातल्या पुष्कळ प्राध्यापकांपेक्षा त्यांचं ऐकणं जास्त झालं होतं, फक्त ते कुठं नोंदलेलं नव्हतं. वक्त्यांबद्दल त्यांचं स्वतःचं मत असे आणि ते माईकवरून ठरे. "सर, आजचे साहेब माईक खातात." किंवा, "एवढे मोठे शास्त्रज्ञ, आणि माईकपासून हातभर लांब. आपलं बोलणं लोकांना कळावं असं ह्यांना वाटत नाही काय?" कधी सरांनाही ऐकवत. "तुमचं वाक्य शेवटी शेवटी खाली जातं, सर. पहिले चार शब्द वरातीत आणि शेवटचे दोन मयतीत."

मागच्या फाल्गुनात हडपसरकडच्या एका कार्यालयात, लग्नाच्या आदल्या दुपारी, टेम्पोतून स्पीकर उतरवताना रज्जाकभाई खाली बसले ते उठले नाहीत. पाडव्याच्या कार्यक्रमात मंडळानं त्यांना श्रद्धांजली वाहिली. दोन मिनिटं शांतता पाळली. त्या दोन मिनिटांत स्पीकरमधून बारीक घूं असा आवाज येत राहिला, कारण तो बंद कसा करायचा हे ज्याला माहीत होतं त्याच्यासाठीच सगळे उभे होते.

सरांनी पाकिटातल्या निवडलेल्या पाच चिठ्ठ्या काढल्या. पहिलीच बापूराव साठ्यांची. बापूराव तिसऱ्या रांगेतले, कायमचे. 'मानवी हृदयाची उत्क्रांती आणि आपल्या परंपरेतील हृदयस्थ आत्म्याची संकल्पना यांत काही दुवा संभवतो काय?' नाव होतं, पेठ होती, प्रश्न एकच होता, शेवटी प्रश्नचिन्ह होतं. वक्त्यांनी ह्या प्रश्नाला अकरा मिनिटं दिली होती. सर घड्याळ लावून बसत, त्यामुळे पाठीमागे तशी नोंदही होती. दुवा संभवतो की नाही, हे सरांना आता आठवेना.

वासंतीबाई आतून आल्या. "अहो, आज तरी ताटं ठेवायला जागा मिळणार आहे का, का मांडीवर घेऊन जेवायचं?"

सरांनी गुलाबी कागद पुढे केला. वासंतीबाईंनी तो दोनदा वाचला.

"रज्जाकभाईंची?"

"हो."

"आणि हे लाल तुमचं."

"नियम होता, अगं. नावही नव्हतं. नियमानं दोनदा बाद होत होती."

"एकदाच केलीत ना? पुरलं की."

"मी डॉक्टर नाही."

"तुम्ही डॉक्टर नाही हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे," वासंतीबाई म्हणाल्या. "पण डॉक्टर तुमच्यापासून दहा पावलांवर बसला होता. चहा पीत."

त्या संध्याकाळी सरांनी एक कोरा कागद घेतला आणि हिशेब मांडला. चिठ्ठी वाचली असती तर उत्तर बरोबर मिळण्याची शक्यता किती. उत्तर ऐकून रज्जाकभाई खरोखर दवाखान्यात जाण्याची किती. गेल्यावर निदान वेळेत होण्याची, आणि झाल्यावर वाचण्याची. चार आकडे, तेही सढळ हातानं स्वतःच्या बाजूनं धरलेले. गुणाकार आला शंभरात एकतीस. सर बराच वेळ त्या एकतिसाकडे बघत राहिले. एकतीस वर्षं ते मुलांना फळ्यावर सांगत आले होते, की असा आकडा हजार माणसांना लागू होतो, एकाला होत नाही. एका माणसाला नुसतं हो किंवा नाही लागू होतं.

सकाळी ते म्हणाले, "नसीमबानूंना सांगायला हवं." नसीमबानू म्हणजे रज्जाकभाईंच्या पत्नी.

वासंतीबाई कोथिंबीर निवडत होत्या. "कशासाठी? त्यांना कळावं म्हणून, का त्या 'असू द्या सर' म्हणतील म्हणून?"

सर टेबलावरची पाकिटं सरळ करू लागले.

"दुसऱ्यासाठी जाणार असाल तर जाऊ नका. पहिल्यासाठी जाणार असाल तर जाताना मिठाईबिठाई नेऊ नका."

ते त्या दिवशी गेले नाहीत. त्या आठवड्यातही नाही. नसीमबानू राहतात ती भवानी पेठ शनिवारातून रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे. सरांना ती पाच आठवडे पुरली. मधे सलिलचा फोन आला. "सर, लेख कधी? छपाईला द्यायचंय."

"वर्गवारी चुकली आहे," सर म्हणाले.

"किती टक्के एरर आहे? थोडी असेल तर चालेल."

"एकाची," सर म्हणाले आणि फोन ठेवला. स्मरणिकेत त्या जागी एका बांधकाम कंपनीच्या शुभेच्छा छापून आल्या.

जानेवारीत व्याख्यानमालेचं पहिलं पुष्प होतं. कार्यक्रम सहाला, सर चारलाच सभागृहात गेले. रंगमंचावर नसीमबानू होत्या. पूर्वी बायकांच्या हळदीकुंकवाला, मेंदीच्या कार्यक्रमाला आत पुरुष नको म्हणून रज्जाकभाई त्यांना मशीनवर बसवत. आता सगळ्याच कार्यक्रमांना त्या बसत. स्पीकर उचलायला दोन गडी ठेवले होते. वायरी मात्र त्या स्वतः टाकत. डोक्यावरची ओढणी कानामागे खोचलेली, तोंडात काळ्या चिकटपट्टीचा तुकडा.

"सर? एवढ्या लवकर?"

"थोडं बोलायचं होतं."

"बोला ना. तिथं माईकपाशी उभे राहून बोला, म्हणजे माझं टेस्टिंग पण होईल."

"माईकवर नको."

नसीमबानूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मशीनवरचा एक हिरवा दिवा बंद केला.

सरांनी घरून पाच वाक्यं तयार करून आणली होती. पहिलं बोलले. दुसरं अर्धं बोलले. मग खिशातून पाकीट काढून गुलाबी कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो वाचला नाही, नुसता धरला. "त्यांचंच अक्षर."

"गेल्या वर्षी त्यांनी—"

"मला माहीत आहे ही," नसीमबानू म्हणाल्या. "त्या दिवशी घरी आले ते खुशीत होते. म्हणाले, बानू, आज मी पण चिठ्ठी टाकली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, मग काय बोलले डॉक्टर? तर म्हणाले, वाचलीच नाही. सरांनी बाजूला ठेवली."

सरांनी खुर्चीची पाठ धरली. "मग?"

"मग काय. म्हणाले, म्हणजे तसं काही नसणार. सर एकेक चिठ्ठी स्वतः वाचून बघतात. काही सीरियस असतं तर सरांनी बाजूला ठेवली असती का? दाताचंच असणार." त्यांनी कागदाची घडी उलगडून पुन्हा तशीच घातली. "दाढ थोडी किडलेली होतीच. काढून घेतली. आठ दिवस म्हणत होते, बरं वाटतंय."

खाली गडी स्पीकर सरकवत होते. लाकडी फळ्यांवर चाकांचा आवाज होत होता.

बाजूला ठेवलेल्या चिठ्ठीला उत्तर मिळत नाही, असं सर बावीस वर्षं धरून चालले होते. ह्या चिठ्ठीला मिळालं होतं. सरांनीच दिलं होतं. ते घेऊन एक माणूस निर्धास्त घरी गेला होता.

"हे कोपऱ्यात लाल काय आहे?" नसीमबानूंनी विचारलं.

"वै."

"म्हणजे?"

"वैयक्तिक."

"म्हणजे स्वतःचा."

"हो."

त्या क्षणभर विचारात पडल्या. टोमणा नव्हता, खरंच समजून घ्यायचं होतं. "मग दुसऱ्या कोणाचा विचारायला पाहिजे होता, सर?"

सर म्हणाले, "माझी चूक—"

"ते नका बोलू. त्याच्यावर मी काय बोलणार? असू द्या म्हटलं तर खोटं होईल. नाही म्हटलं तर तुम्ही घरी जाऊन आजारी पडाल, मग वहिनींना त्रास." त्यांनी चिकटपट्टी दातानं तोडून वायरीवर दाबली. "आज कोण येणार आहेत?"

"डॉक्टर हेमा बर्वे. 'उशीर: एक मानवी सवय'. माणसं दवाखान्यात उशिरा का जातात, त्यावर त्यांचा अभ्यास आहे."

"डॉक्टर आहेत ना? मग विचारा त्यांना."

"काय?"

"हेच. त्यांनी विचारलं होतं ते. उत्तर मला पण ऐकायचंय. वर्ष झालं." चिठ्ठी त्यांनी सरांच्या हातात परत दिली. "नाव घेऊन वाचा. नावाशिवाय वाचत नाही ना तुम्ही? आणि मोठ्यानं. तुमचा आवाज खाली जातो."

सहाला सभागृह भरलं. डॉ. हेमा बर्वे पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, माईकपासून योग्य अंतर ठेवणाऱ्या. रज्जाकभाईंना आवडल्या असत्या. त्यांनी सांगितलं, की माणसाला दुखणं कळायला दोन मिनिटं लागतात आणि ते दुसऱ्याला सांगायला दोन महिने. लाज, भीती, कामाचा रगाडा, 'एवढं काय त्यात'. पडद्यावर आलेख येत होते. श्रोते माना डोलवत एकमेकांकडे पाहत होते. उशीर करणारा दुसरा माणूस प्रत्येकाच्या ओळखीचा होता.

विंगेत सलिल हळूच म्हणाले, "सर, पुढच्या वर्षीपासून चिठ्ठ्या बंद. क्यूआर कोड. लोक मोबाइलवरून प्रश्न टाकणार, ज्यांना जास्त लाइक मिळतील ते पाच वर येणार. तुमचा त्रास वाचला."

"एकट्याचाच असेल तो प्रश्न खालीच राहणार," सर म्हणाले.

"अर्थात. तोच तर फायदा आहे."

भाषण संपलं. टाळ्या झाल्या. सर माईकपाशी गेले. "श्रोत्यांनी आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत," त्यांनी सुरुवात केली आणि सवयीनं चौथ्या वाक्यापर्यंत आले. तिथं थांबले. पाचव्याची वाट बघत सभागृहही थांबलं. डाव्या अंगाला मशीनचा हिरवा दिवा होता, त्यामागचा चेहरा दिसत नव्हता.

"पहिली चिठ्ठी माझ्याकडे आधीपासून आहे," सर म्हणाले. "ती गेल्या वर्षीची आहे. नाव, रज्जाक इब्राहिम शेख. पेठ, भवानी."

अध्यक्षांनी मान वर केली. सरांनी वाचायला सुरुवात केली. जिना चढताना. स्पीकर उचलताना. दोन महिने झाले. वय सत्तावन. प्रश्नाशी आले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा, आणि आज नेहमीपेक्षाही जास्त, खाली जायला लागला. "हे दाताचं असतं का दुसरं काही," ते कसंबसं म्हणाले, आणि पुढचे शब्द घशातच राहणार तोच स्पीकरमधून ते मोठे होऊन बाहेर पडले. "कोणाकडे दाखवावं?" मागच्या भिंतीवर आपटून आपलाच आवाज परत आलेला सरांनी ऐकला. मशीनमागचा हात आवाजाच्या दांडीवरून खाली आला नव्हता.

"ही चिठ्ठी त्या दिवशी मी वाचली नाही," सर म्हणाले. आता कुजबुजले असते तरी शेवटच्या रांगेत गेलं असतं. "वैयक्तिक म्हणून बाजूला ठेवली. दोन महिन्यांनी रज्जाकभाई हृदयविकारानं गेले. डॉक्टर, आपण उत्तर द्यावं."

तिसऱ्या रांगेतून बापूराव उभे राहिले. "खासनीस, हे काय चाललंय? नियम काय आहे? वैयक्तिक प्रश्न घ्यायचे नाहीत ना? मग आम्ही बावीस वर्षं काय—"

"बापूराव, खाली बसा," मागून कुणीतरी म्हणालं.

"बसतो. पण नियम म्हणजे नियम."

सलिल विंगेतून हातवारे करत होते. डॉ. बर्वे उठून माईकपाशी आल्या. हात पुढे करून त्यांनी चिठ्ठी मागून घेतली आणि स्वतः एकदा वाचली.

"दाताचं असू शकतं," त्या म्हणाल्या. "पण ते नंतर बघायचं. श्रम केले की दुखतं आणि बसलं की थांबतं, एवढं ऐकलं की मी आधी हृदय तपासते. त्याच दिवशी. उद्या नाही, सोमवारी नाही. जवळ जो दवाखाना असेल तिथं, आणि तोवर स्पीकर उचलायचा नाही." त्या थांबल्या. "चिठ्ठी फार चांगली लिहिली आहे. कधी दुखतं, किती दिवस, कशानं थांबतं. माझे विद्यार्थी इतकं नेमकं लिहीत नाहीत. ह्यांनी कुठलीतरी व्याख्यानं नीट ऐकलेली दिसतात."

सरांनी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. चाळीस सेकंद झाले होते.

मशीनमागे नसीमबानू मान खाली घालून एका बटणाकडे बघत होत्या. बटणात बघण्यासारखं काही नव्हतं.

चिठ्ठ्यांचं ताट एरवी विंगेत यायचं. त्या दिवशी ते थेट रंगमंचावर आलं, आणि एक पुरलं नाही म्हणून मागून चहाचा ट्रे आला. अध्यक्षांनी समारोपाचे कागद खिशात घातले. पन्नास वर्षांत असं प्रथमच झालं असावं. सर खुर्ची ओढून माईकजवळ बसले आणि वरची उचलून वाचत गेले. पायात गोळे येतात. नवऱ्याला ऐकू येत नाही पण तो कबूल करत नाही, अशा माणसाला तपासायला कसं न्यायचं. मुलगी सहा महिने खोलीतून बाहेर येत नाही, हे आजारात धरतात का स्वभावात. काहींवर नाव होतं, काहींवर नव्हतं. लाल पेन्सिल सरांच्या खिशात होती. एकदा तिकडे हात गेला, मग तो त्यांनी गुडघ्यावर ठेवला.

डॉक्टर काही प्रश्नांना उत्तर देत, काहींना "हे माझं क्षेत्र नाही, पण अमक्या प्रकारच्या डॉक्टरकडे जा" म्हणत. एकदोनदा "मला माहीत नाही" म्हणाल्या. कुतूहल मंडळाच्या रंगमंचावर हे वाक्य पूर्वी कुणी उच्चारल्याचं सरांच्या नोंदीत नव्हतं.

ताटाच्या तळाशी आठ घड्या घातलेली एक चिठ्ठी होती. नाव नव्हतं, पेठ नव्हती. अक्षर सर बावीस वर्षं ओळखत होते. 'लघवीला जोर करावा लागतो. मधे दोनदा रक्त दिसलं. किती दिवस थांबून बघावं?'

सरांनी ती वाचली. नाव घेतलं नाही.

"एक दिवससुद्धा नाही," डॉक्टर म्हणाल्या.

तिसऱ्या रांगेत बापूराव छताकडे बघत होते. कार्यक्रम संपल्यावर ते कुणाशी न बोलता निघाले. दारापाशी थांबून त्यांनी डॉक्टरांचा नंबर मागितला तो, त्यांच्याच शब्दांत, एका परिचितासाठी.

लोक गेल्यावर सलिल आले. "सर, इमोशनल होतं, मान्य. पण उद्या कुणी म्हणालं, मंडळानं सल्ला दिला आणि काही झालं, तर जबाबदार कोण?"

"सल्ला आपण आधीपासून देतोय," सर म्हणाले.

"कधी दिला?"

सर रंगमंचाच्या डाव्या अंगाला गेले. नसीमबानू वायर हातावर गुंडाळत होत्या, पंजापासून कोपरापर्यंत, एकसारखे वेढे. गडी शेवटचा स्पीकर खाली नेत होते.

सरांनी गुलाबी कागद पुढे केला. त्यांनी वायर खाली ठेवली, मशीनच्या पेटीतून रज्जाकभाईंचं बिलबुक काढलं आणि पानं मागे उलटत गेल्या. एका जागी गुलाबी पानाचा नुसता वरचा काठ शिल्लक होता, 'रज्जा' एवढीच अक्षरं उरलेली. कागद त्यांनी तिथं लावून पाहिला. जुळला. तसाच आत ठेवून पुस्तक मिटलं.

"उद्या किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"पाचला आलात तरी चालेल. उद्या कृत्रिम बुद्धिमत्ता आहे."

"त्यात काय विचारणार लोक?"

"बघू," सर म्हणाले. निघताना त्यांना काहीतरी बोलायचं होतं, ते सापडेना. शेवटी म्हणाले, "आज माझा आवाज मागेपर्यंत गेला."

"जाणारच," नसीमबानू म्हणाल्या आणि पुन्हा वायर उचलली. "वाढवावाच लागला."